‘जुना पाना’ यांना उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

रस्त्यावरच्या गाडीसाठी रेस इंजिन कसं बांधलं यावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना पाना’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

“लेख वाचायला बरा आहे, पण ज्याने स्वतः इंजिन उघडलंय तो असं लिहीत नाही. मेन बेअरिंगची फट ०.५ मिमी? रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकला आठ हजार फेऱ्या किती दिवस झेपणार? ऑइल पॅनचं काय केलं? आणि २८८ अंशांच्या कॅमवर ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कुठून मिळणार, हे सांगायचं राहिलंच. कुणीतरी हे वाचून करून बसेल.”

चार दिवस मी गप्प होतो. म्हटलं, जाऊ दे, लोक लिहितात. पण आज पाहतो तर त्यावर अकरा अंगठे. तेव्हा आता बोलावंच लागेल.

आधी जे मान्य करण्यासारखं आहे ते मान्य करतो, म्हणजे मागाहून ‘लेखकाला टीका सहन होत नाही’ असं व्हायला नको. ०.५ हे चुकलं. तिथे ०.०५ हवं होतं. एक शून्य निसटलं. जर्नलच्या, म्हणजे क्रँकशाफ्टचा जो गोल भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याच्या, व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा हिशेब इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. माझी मेन जर्नल दोन इंचांच्या जरा वर आहेत, म्हणजे दोन थाऊ, म्हणजेच ०.०५ मिमी. अर्धा मिलिमीटर फट ठेवली तर ऑइल तिथे थांबणारच नाही आणि प्रेशरचा काटा जागचा हलणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ते पाहून कुणी खरंच इंजिन बांधायला बसेल ही भीती मला जरा ओढूनताणून आणलेली वाटते. असो. दुरुस्त केलं आहे.

आता मूळ वाक्याकडे येतो. “ज्याने स्वतः इंजिन उघडलंय तो असं लिहीत नाही.”

साहेब, माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात एक बेअरिंग शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, आहे. कनेक्टिंग रॉडचं, तिसऱ्या सिलिंडरचं, माझ्या पहिल्या इंजिनातलं. वरचा राखाडी थर अर्धाअधिक उडालाय आणि खालचं तांबं दिसतंय. तांबं दिसलं की शेल संपलं, हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. तेव्हा एका वर्कशॉपने माझा क्रँक ग्राइंड करून दिला होता. ‘सगळी मापं घेतलीत, डोळे झाकून बसवा’ म्हणाले. मी खरोखरच डोळे झाकून बसवला. हाताने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. सहाशे किलोमीटर धड गेले नसतील. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की खालून टकटक यायला लागली. जोर लावला की दबायची, सोडलं की पुन्हा टकटक. मी स्वतःला सांगत होतो की टॅपेट असेल. टॅपेट नव्हता. ऑइल फिल्टर कापून उघडला, त्यातला कागद उन्हात धरला तर चमचम करत होता. पॅन उतरवला, रॉडची कॅप काढली आणि हे शेल हातात आलं. नंतर जर्नल मोजलं तेव्हा कळलं की ते निमुळतं घासलंय, एका कडेला मापात आणि दुसऱ्या कडेला ०.०४ मिमीने बारीक. मायक्रोमीटर मी त्या आठवड्यात विकत घेतला.

हे सांगायचं कारण, इंजिन ‘उघडलेला’ माणूस कोण हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. टोपणनावात ‘पाना’ घातला म्हणून माणूस फिटर होत नाही.

आणि लेखात जे होतं ते तुम्ही वाचलंत तरी का? पिस्टन रिंगांवर मी दोन परिच्छेद लिहिले होते. ८६ मिमीच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाला, टर्बो नसलेल्या इंजिनात, वरच्या रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, साधारण ०.३९ मिमी येतो. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली ढकलायची, फीलर गेज घालायचं, रिंग बाहेर काढायची, दोन-तीन वेळा कानस मारायची, पुन्हा आत. कानस एकाच दिशेने, बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे, नाहीतर रिंगच्या तोंडावरचा थर टवका होऊन उडतो. मग कडेची धार दगडावर हलकेच मारायची. अशा आठ रिंगा, प्रत्येक रिंग आपापल्या सिलिंडरमध्ये बसवून. दोन संध्याकाळी गेल्या. सहाव्या रिंगला मी एक घाव जास्त मारला आणि ती फेकली, हेही लेखात लिहिलंय. इंजिन न उघडलेल्या माणसाला सहावी रिंग फेकावी लागत नाही हो.

होनिंगचंही, म्हणजे बोअरची आतली भिंत दगडाने घासण्याचंही, तेच. हेड आवळलं की बोअर किंचित वाकडी होतात. म्हणून हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट ठेवून, हेडचेच बोल्ट त्याच टॉर्कला आवळून मग होन करायचं. हे मी करून घेतलं, शेजारी उभं राहून. हेडमधली कम्बशन चेंबरची जागा ब्युरेटने मोजली, वर पारदर्शक प्लेट ग्रीसने चिकटवून. ११.५ कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या ११.५ पट, ५०० सीसीच्या एका सिलिंडरमागे वरची एकूण मोकळी जागा ४७.६ सीसी उरते. गॅस्केट आणि पिस्टनच्या डोक्यावरचे खड्डे धरून चारही सिलिंडर मी अर्ध्या सीसीच्या आत आणले. कुणासाठी? आरपीएमच्या काट्याला तो अर्धा सीसी दिसतही नाही. मला झोप लागावी म्हणून.

‘वाचायला बरा आहे’ हेही मला खटकलंच. बरा? कोपऱ्यात बसलेल्या मुलाला म्हणावं तसं.

ब्लॉकचं विचारलंत. त्याचं उत्तर सोपं आहे. बीएमडब्ल्यूच्या एम१० या साध्या चार सिलिंडरच्या, रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बनलेल्या ब्लॉकवर दीड लिटरचं टर्बो इंजिन बांधलं गेलं आणि १९८३ साली ब्रॅबम गाडीत नेल्सन पिके त्याच इंजिनावर फॉर्म्युला वनचा विजेता झाला. तेव्हा ‘रस्त्यावरचा ब्लॉक’ ही काही शिवी नाही. ताण खरा येतो तो रॉड आणि रॉडच्या बोल्टांवर. पिस्टन वर-खाली झटकण्याचा भार मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. सात हजारांवरून आठ हजारांवर गेलं की फेऱ्या १४ टक्के वाढतात, भार ३१ टक्के. म्हणून माझे बोल्ट मी टॉर्कवर सोडले नाहीत, लांबी किती ताणली गेली ते गेजने पाहून आवळले. ऑइल पॅनमधल्या आडव्या पट्ट्या मी लिहिल्या आहेत. शेवटून तिसरा परिच्छेद. वाचा.

राहिला कॅम आणि व्हॅक्यूम. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, आणि २८८ अंशांचा कॅम ते जास्त वेळ उघडे ठेवतो. ब्रेक बूस्टर इंजिनातल्या व्हॅक्यूमच्या ओढीवर पेडलचा जोर वाढवतो. रेससारखं इंजिन रस्त्यावर चालत नाही असा तुमचा एकूण सूर दिसतो. होंडाने १९९९ मध्ये एस२००० विकायला काढली. १९९७ सीसी, ९००० फेऱ्या, जपानमधल्या गाडीला ११.७ कॉम्प्रेशन आणि २५० पीएस. त्यात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर होतो, माझा ८००० ला २२.९. लोक ती रोज ऑफिसला नेत होते. हो, त्यात व्हीटेक होतं, सहा हजारांच्या खाली सौम्य कॅम आणि वर तिखट कॅम, मला माहीत आहे, ते कुणी सांगायला येऊ नये. मुद्दा तो नाही.

वेगात असताना थ्रॉटल सोडलं की २८८ च्या कॅमवरही मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम भरपूर येतो आणि ब्रेक जसा लागायला हवा तसा लागतो. अडचण असलीच तर आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ लांबतो, त्यामुळे साध्या इंजिनात अठरा-वीस इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम येतो तिथे माझ्याकडे नऊ-दहा येतो. गर्दीत रांगत असताना पेडल एकदा दाबलं तर ठीक. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं की ते दगडासारखं होतं. मला सवय आहे, मी पाय जोरात देतो. लेखात लिहिलं नाही कारण लेख इंजिनवर होता, ब्रेकवर नव्हता.

मागच्या महिन्यात बहिणीने गाडी मागितली. दिली. सिग्नलच्या रांगेत पुढची गाडी दोनदा थांबली, दोनदा सरकली, आणि तिसऱ्यांदा तिने ब्रेक दाबला तेव्हा मी शेजारी बसून हँडब्रेक ओढला. पुढच्या बंपरला आम्ही लागलो नाही. ती काही बोलली नाही. उतरताना किल्ली माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवून गेली.

तर, पाना साहेब, तुमचा सूर मला आवडला नाही आणि आवडणारही नाही. लेखात ०.०५ केलं आहे. व्हॅक्यूमवर चार ओळी वाढवल्या आहेत. वन-वे व्हॉल्व्हसह व्हॅक्यूमची टाकी बसवायला आज बॅटरीच्या शेजारची जागा मोजली. टाकी बसते, पण वायपरच्या मोटरचं ब्रॅकेट कापावं लागेल.