ओळखीचा डॉक्टर कसा टाळावा

चाळिशी ओलांडलेल्या सोलापूरकराने पहिलं काम करायचं ते घरचा डॉक्टर सोडण्याचं. तेलातुपाचं मागाहून बघता येईल. हा डॉक्टर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेला, बाहेर लाकडी बाकडं, आत गंजका वजनकाटा आणि पडद्याआड तपासायचं टेबल. त्याची फी दुसऱ्यांना सांगायची लाज वाटावी इतकी कमी असते. पण खरा धोका फीचा नाही. त्या माणसाला सगळं आठवतं. तुमच्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आला होता, आईच्या पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं, मागच्या दिवाळीत तुमचा काटा कुठे गेला होता, सगळं. तुम्ही साध्या खोकल्यासाठी गेलात तरी स्टेथोस्कोप कानातून काढता काढता तो विचारणार, "काय मालक, मावा सुटला का?"

नव्या डॉक्टरकडे ही कटकट नाही. तिथे "तंबाखू?" या प्रश्नाला "कधीतरी" असं उत्तर दिलं की तो बिचारा तसंच लिहून घेतो. घरात कुणाला काही आजार? नाही. दारू? समारंभापुरती. झोप? उत्तम. पाच मिनिटांत तुम्ही एका निर्व्यसनी, निरोगी घराण्याचे वारस होऊन बाहेर पडता.

या बाबतीत आपलं गाव फार सोयीचं. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे लोक पहाटेची गाडी धरून इथल्या दवाखान्यांत येतात. आपल्याला तर रिक्षाने जायचंय. तेव्हा गुडघा दुखला की हाडांचा, छातीत जळजळलं की पोटाचा, चक्कर आली की मेंदूचा, अशी थेट वरची पायरी गाठावी. आणि एकाची फाइल दुसऱ्याला चुकूनही दाखवू नये. उगाच त्याला वाईट वाटतं. शरीराची अशी वाटणी झाली की भावकीतल्या जमिनीसारखं होतं: ज्याला त्याला आपला तुकडा ठाऊक, बांधाकडे बघणारा कुणी नाही. मग हाडांच्या डॉक्टरने दिलेली दुखण्याची गोळी तुम्ही महिनोन्‌महिने घेता, तिच्यामुळे रक्तदाब वर सरकतो, तो खाली आणायला दुसरा डॉक्टर गोळी वाढवतो, आणि या दोघांच्या मधोमध तुमची किडनी गुमान ओझं वाहत राहते. दोन चिठ्ठ्यांवर दोन कंपन्यांची नावं असतात, आत औषध एकच असतं. हे ध्यानात येण्यासाठी दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर याव्या लागतात. तेवढं होऊ द्यायचं नाही.

कुणी म्हणेल, सगळं एकत्र बघणारा डॉक्टरही हवाच की. म्हणू द्या. फॅमिली मेडिसिन ही आता रीतसर पदव्युत्तर शाखा आहे, त्यात डीएनबी ही तज्ज्ञाची पदवी घेता येते, आणि दर १९ मे हा जागतिक फॅमिली डॉक्टर दिन असतो. दिवस मोठा हुशारीने निवडलाय. १९ मेला पारा चाळिशीच्या वर असताना सोलापुरात कोण कुणाचं अभिनंदन करायला बाहेर पडणार? शिवाय लग्नाच्या बैठकीत "मुलगा डॉक्टर आहे" म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न येतो, "कशाचा?" नुसता माणसांचा डॉक्टर म्हटलं की बैठकीतला चहा गार होतो. डॉक्टरांचा अभिमान मात्र आपल्याला जबर. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. बाहेरगावचा पाहुणा आला की हे आपण ऊर भरून सांगतो. ते चीनपर्यंत गेले. आपल्याला चार गल्ल्या ओलांडून साखर तपासायला जाणं होत नाही, हा तपशील पाहुण्याला सांगायची गरज नसते.

आता आहार. इथे फार शिकवावं लागणार नाही. ज्वारी आपली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि अख्खा देश आता तिला मिलेट म्हणून डोक्यावर घेतोय. म्हणून कडक भाकरीची पाकिटं पुण्याच्या पाहुण्यांना बांधून द्यावीत आणि आपण पाव खावा. शेंगा चटणीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. शेंगदाण्यात प्रथिनं असतात हे वाक्य पाठ करून ठेवा, वाटीभर चटणीवर तेलाची धार सोडताना ते मोठ्याने म्हणा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, हे पुढचं वाक्य पाठ करू नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चमचा. ती संघटना जिनिव्हात बसते, तिने आपली चटणी, पापड, कैरीचं लोणचं आणि रविवारच्या मटणाचा रस्सा एका ताटात पाहिलेला नाही.

पथ्य करायला ना नाही, फक्त मुहूर्त नीट बघावा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा असतो, तेव्हा शक्य नाही. मग हुरडा. हुरडा पौष्टिकच, त्यामुळे तो पोटभर खायचा; आणि शेतमालकाने प्रेमाने केलेलं शेंगा पोळीचं जेवणही खायचं, कारण हुरडा म्हणजे काही जेवण नव्हे. पुढे लग्नसराई, पुढे आंबे. आषाढीला उपवास, म्हणजे साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप. मग श्रावण, मग गणपती, मग दिवाळी. दिवाळी संपता संपता एक मंगळवार मोकळा सापडतो. त्या दिवशी नेमकं मेहुणे येतात.

व्यायामाचा फार बाऊ नको. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागावा, असा साधा हिशोब आहे. सिद्धेश्वर तलावाकाठी जावं, नवे बूट दिसतील असं उभं राहावं, राजकारणावर बोलावं. दम त्यातही लागतो. येताना भज्यांची गाडी वाटेत लागतेच, तिला चुकवून जाणं शेजारधर्माला शोभत नाही.

रक्तदाबाची गंमत अशी की तो दुखत नाही, खाजत नाही, बहुतेकांना वर्षानुवर्षं काही सांगतच नाही. तेव्हा "मला काही त्रास नाही" हा तुमचा हुकमाचा एक्का. नळाला पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येणार हे आपल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आपलं बीपी विचारलं की आपण बायकोकडे बघतो. गोळी सुरू झालीच आणि मोजल्यावर १३०-८० आलं, तर गोळी त्याच दिवशी बंद करावी. आकडा गोळीमुळे खाली आला असेल असला संशय मनात आणू नये. घरी मशीन घेतलं असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीला ठेवून मोजायची पद्धत आहे. आपण वॉचमनशी भांडून, तीन जिने चढून आल्या आल्या मोजावं आणि मशीन चिनी आहे म्हणून कपाटावर टाकावं.

साखरेची तयारी जरा आधीपासून लागते. तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद, गोड बंद, रात्री लवकर जेवण. उपाशीपोटीचा आकडा देखणा येतो. पण एचबीए१सी नावाची एक चुगलखोर तपासणी आहे. तिला मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं कळतं. तुमचे दोन दिवसांचे सोवळे ती हिशेबातही धरत नाही. साडेसहा टक्के किंवा वर गेली की मधुमेह, ५.७ ते साडेसहाच्या दरम्यान असली की उंबरठ्यावर. घरचा डॉक्टर नेमकी हीच लिहून देतो, दोघांची खोड एकच. आकडा वर आलाच तर घाबरू नका. ग्रुपवर कारल्याचा रस आलेला असतो, मेथीचं पाणी आलेलं असतं, आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या असं सांगणारा निरोप कुणीच पुढे ढकलत नाही.

किरकोळ दुखण्याला मेडिकलवाला पुरे. काउंटरवर कोपर टेकवून "कालच्यासारखंच, पण जरा स्ट्राँग दे" म्हणायचं. सर्दी व्हायरसची, अँटिबायोटिक बॅक्टेरियाचं, दोघांची गाठ पडायची शक्यता नाही. तरी तीन गोळ्या घ्याव्यात आणि बरं वाटल्याबरोबर उरलेल्या पुढच्या सर्दीसाठी ठेवाव्यात. अशक्तपणा वाटला की सलाईन. "नुसतं वरण-भात खा, झोप काढा" म्हणणारा डॉक्टर शिकलेला नसणार. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे बीपीच्या माणसाचं जवळजवळ दिवसभराचं मीठ एका बाटलीत थेट शिरेतून. पण बाटली टांगलेली दिसली की भेटायला आलेल्यांना तरी समाधान वाटतं.

घरातल्या बायकांचं प्रकरण सगळ्यात सोपं: त्यांना न्यायचंच नाही. शहराच्या पूर्वभागात मावश्या सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळतात. तंबाखूची धूळ नाकात, मानेत कळ, हिमोग्लोबिन किती ते कुणी मोजलेलं नाही. विचारलं तर "मला काय धाड भरलीय?" असं म्हणतात, आणि आपण ते लगेच मान्य करतो. इतक्या बाबतीत आपण त्यांचं ऐकत नाही, हे मात्र ऐकतो. फ्लॅटमधल्या वहिनींचं फार वेगळं नाही. नवऱ्याच्या फायलीची पिशवी त्यांच्या हातात, त्याच्या गोळ्यांच्या वेळा त्यांना पाठ, डॉक्टरसमोर त्याची तक्रारही त्याच सांगतात. घरच्या डॉक्टरचा इथेच उपद्रव होतो. सगळं ऐकून झाल्यावर तो पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, "ते झालं. तुमचा चेहरा का उतरलाय, वहिनी? या, इकडे बसा." आलो एका तपासणीला, निघाल्या दोन. खर्च डबल.

एवढं करूनही मनाला खात राहिलं तर वर्षातून एकदा पॅकेज घ्यावं. वाढदिवसाला सवलत असते, माणूस घरी येऊन रक्त नेतो, आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर भलीमोठी पीडीएफ येते. त्यात पाच-सहा आकडे ठळक अक्षरांत असतात. कोणत्याला घाबरायचं आणि कोणता सोडून द्यायचा हे सांगायला समोर माणूस लागतो, म्हणून पीडीएफ उघडू नये. भाच्याला पाठवावी. तो इंजिनिअर आहे.

राहता राहिला रात्रीचा प्रसंग. छातीत भरून आलं, डावा हात जड झाला, घाम फुटला, तर तो गॅस समजावा. ओवा खावा, सोडा प्यावा, बाल्कनीत दोन फेऱ्या माराव्यात. १०८ ची अँब्युलन्स वगैरे लोकांसाठी असते. तासाभराने कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीला फोन लावावा, मग गाडीची चावी शोधावी. अपघात विभागात रात्रपाळीची एक तरुण डॉक्टर भराभर विचारते, आधीचा ईसीजी आहे का, बीपी कधीपासून, घरात कुणाला हार्टचा त्रास, कोणत्या गोळ्या चालू आहेत? तुम्हाला मास्क लावलेला असतो. पिशवी घरी राहिलेली असते. मुलगा पुढे होतो.

"एक पांढरी आणि एक गुलाबी," तो सांगतो. "गुलाबी त्यांनी मागेच बंद केली."