उजव्या हाताचे काका

गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका मैदानावर, भर कार्यक्रमात, एका अनोळखी गृहस्थांनी मला गाण्यास मनाई केली. मंचावरचे गायक स्वतः हात उंचावून सगळ्यांना आपल्याबरोबर म्हणायला सांगत होते आणि आख्खे मैदान म्हणतही होते. मनाई होती ती एकट्या मला, कारण माझा आवाज काकांच्या मोबाईलमध्ये शिरत होता.

‘इंडियन ओशन’ हा १९९० साली दिल्लीत सुरू झालेला बँड, आणि २००० साली आलेल्या त्यांच्या ‘कंदिसा’ची कॅसेट मी इतक्या वेळा ऐकली, की शेवटी टेपरेकॉर्डरने ती चावून गिळली. प्रत्यक्ष ऐकण्याचा योग मात्र दर वेळी हुकला. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा मुलीच्या कांजिण्या आणि एकदा चुलत मेव्हण्याचे साखरपुड्याचे जेवण, जे लग्न पुढे मोडलेच. तेवढ्या काळात ज्यांच्या आवाजासाठी जायचे ते असीम चक्रवर्ती २००९ मध्ये वारले आणि २०१३ मध्ये गिटारवादक सुश्मित सेन बँडमधून बाहेर पडले. उरले आहे तेवढे तरी कानांनी ऐकून घ्यावे, म्हणून या वेळी महिनाभर आधी तिकीट काढले, दारावर पाण्याची भरलेली बाटली मुकाट्याने काढून दिली, आत तेच पाणी तिप्पट किमतीला विकत घेतले आणि जागेवर येऊन बसलो. उजव्या हाताला काका होते.

पासष्टीचे असावेत. त्यांनी पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला दोन रबरबँड आणि केसांचा एक चिमटा लावून मोबाईल उभा केला होता आणि तो तिरपा झाला की ते गणपतीची मूर्ती सरळ करावी तशा हळुवारपणे सरळ करत होते. “मुलगी बंगळूरला असते. तिला सबंध कार्यक्रम पाठवायचाय,” त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, “तुम्ही मधे मधे उठणार आहात का?”

कार्यक्रम सुरू झाला. बँडचे ड्रमवादक अमित किलम यांनी काखेत धरून गबगुबी वाजवायला घेतली, तेव्हा मी काहीसे ज्ञानदान करावे म्हणून हे बंगालच्या बाउल गायकांचे वाद्य असल्याचे हळूच सांगितले. काकांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिले, “ते चौंडकं आहे. आमच्या गावाकडे जोगतिणी वाजवतात.” तळाला कातडे, त्यातून ओवलेली तार, तार ताणली की वर चढणारा स्वर; दोन्ही वाद्ये एकाच कुळातली आहेत, म्हणजे काका जवळजवळ बरोबर होते, आणि याचा राग मला अजूनही आहे.

मग ‘मा रेवा’ सुरू झाले, रेवा म्हणजे नर्मदा. बँडचे गायक आणि बासगिटारवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, तिथे खोऱ्यात त्यांनी हे गाणे उचलले. आपल्या राज्याला नर्मदा शिवते ती फक्त नंदुरबारच्या उत्तर टोकाला, आणि तिथलेच मणिबेली गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. त्या नदीचे गाणे पंचवीस वर्षांनी समोर गायले जात असताना माझ्या तोंडून आवाज निघाला असेल, तर तो सुरात नव्हता हे मला मान्य आहे.

“अहो, गाऊ नका.”

“सगळेच गातायत, काका.”

“ते लांब आहेत. तुमचं सगळं ह्यात येतंय. नुसते ओठ हलवा.” मी ओठ हलवले. पन्नाशीच्या माणसाने, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, खरोखर नुसते ओठ हलवले. तेवढ्यावर भागले असते, परंतु गाण्याचा विषय नर्मदा असल्याचे एव्हाना काकांच्या ध्यानात आले होते. “आमच्या साडूंनी परिक्रमा केलीय. पायी. पुस्तकही काढलंय.” पुण्यात परिक्रमा करून पुस्तक न काढलेला माणूस शोधायला वेगळी परिक्रमा करावी लागेल, त्यामुळे मी मान डोलावली. “नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, हा नियम,” काका म्हणाले. मी उजवीकडे पाहिले. बाहेर जाण्याची वाट काकांच्या पलीकडून होती, त्यांच्या पायांत पिशवी, पिशवीवर स्वेटर आणि समोर तो चिमट्याचा मोबाईल. तेव्हा नियम पाळणे भागच होते. ‘पुस्तक सवलतीत मिळेल’ हे वाक्य नेमके तबल्याच्या तुकड्यावर आले. त्या तुकड्याची मी २००० सालापासून वाट पाहत होतो. तो कसा वाजला, ते मला सांगता येणार नाही.

मुलीसाठी बापाने एवढा खटाटोप करावा, याचे कौतुक मलाही आहे. पण बंगळूरला हा बँड येत नाही का? हे गाणे घरी नेण्याची काय गरज आहे, आणि नेणाऱ्याचा हक्क ऐकणाऱ्याच्या हक्काहून मोठा कधी झाला? हे सारे मी त्यांना सुनावणार होतो. प्रत्यक्षात त्यांनी चिमटा धरायला सांगितला, तेव्हा शेवटची दोन गाणी मी तो धरून बसलो.

निघताना त्यांनी अगदी आपुलकीने माझा नंबर मागितला आणि मी दिला. रविवारी पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी, सूर्योदय आणि गुलाब असलेल्या शुभेच्छेच्या खाली, ‘मा रेवा’चा व्हिडिओ आला. चित्रात समोरच्या माणसाची टोपी आहे. बँड लांबून, डब्यात कोंडल्यासारखा ऐकू येतो. त्यावर स्वच्छ, खणखणीत, एकेक अक्षर समजेल असा काकांचा आवाज आहे: “अहो, गाऊ नका.” त्याच्या आधीचे साताठ सेकंद मीही आहे. मी तेवढेच चार वेळा ऐकले. सकाळी चहा घेताना बायकोलाही ऐकवले, तर ती म्हणाली, “काकांचं बरोबर होतं.”