‘दोन डिस्क फॉरमॅट करायला तास लावला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर. शनिवारी तुम्हाला तासभर ताटकळावं लागलं, बसायला साधं स्टूलही कोणी पुढे केलं नाही. ते चुकलंच, माफी मागतो.

पण एक स्टार देऊन ‘पाच मिनिटांचं काम, मुद्दाम वेळ काढून २०० रुपये उकळले’ असं लिहिलंत, ते फार लागलं. तापकीर गल्लीत शेजारीपाजारी हीच कामं करणारी दुकानं आहेत. नवीन गिऱ्हाईक हे वाचूनच आत यायचं की पुढे जायचं ते ठरवतं. म्हणून वेळेचा हिशेब इथेच देतो.

तुमच्या दोन्ही डीव्हीडी आरडब्ल्यूंवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क) ‘१एक्स–२एक्स’ हा वेग छापलेला आहे. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. ४.७ जीबीची पूर्ण डिस्क २एक्सनं पुसायची तर २८ मिनिटं लागतात. दोन डिस्कची झाली ५६. रायटर (डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह) कितीही फास्ट असला तरी डिस्क झेपेल तेवढ्याच वेगानं चालतो, तिथे आमच्या हातात काही नसतं.

पाच मिनिटांत होतो तो क्विक फॉरमॅट. त्यात फक्त डिस्कची अनुक्रमणिका नव्यानं लिहिली जाते, बाकी डिस्कला हात लागत नाही. तोच तुम्ही घरी लावला होता. स्क्रीनवरची फॉरमॅटची पट्टी पुढे सरकेना म्हणून रायटरची केबल ओढून काढली, हे काउंटरवर तुम्हीच सांगितलंत. असं झालं की अनुक्रमणिका अर्धवट राहते. मग विंडोजला ती डिस्क धड कोरीही दिसत नाही आणि धड भरलेलीही नाही. तिच्यावर पुन्हा क्विक करून उपयोग होत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुसावीच लागते. तेच आम्ही केलं, आणि दोन्ही डिस्क चालू करून, त्यावर फाइल टाकून, उघडून दाखवून दिल्या. डिस्कमागे १०० रुपये हा दर काउंटरवर लिहिलेला आहे.

मुळात पट्टी का अडकली तेही सांगतो. तुमच्या एक्स्टर्नल रायटरच्या केबलला दोन यूएसबी पिना आहेत, तुम्ही एकच लावत होतात. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. वाचायला तेवढ्यात भागतं, लिहिताना लेझर त्याहून जास्त खेचतो. दोन्ही पिना लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा. आधी डिस्कवरचं सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फाइल उघडून बघा, कारण फॉरमॅटनंतर काही उरलं असं धरायचं नाही. मग ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम यूडीएफ २.०१. डिस्क आधी अडकलेली असेल तर ‘क्विक’ची टिक काढा. पट्टी थांबलेली वाटली तरी ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. बाहेर काढताना इजेक्टच करा.

तिसरी डिस्क ‘करायला टाळाटाळ केली’ असंही तुम्ही लिहिलंय. सर, ती आरडब्ल्यू नव्हती, नुसती आर होती, म्हणजे एकदाच लिहिता येणारी. खालची बाजू जांभळट दिसते ना, तो डायचा, म्हणजे रंगाचा थर. लेझरनं एकदा भाजला की परत कोरा होत नाही, कुठल्याच दुकानात नाही. तिचे पैसे आम्ही घेतले नाहीत, बिल बघा.

यापुढे किती वेळ लागेल ते आधी सांगायला मुलांना बजावलंय, बसायचीही काहीतरी सोय करतोय. तुमची डिस्क पुन्हा अडली तर बिल घेऊन या, पैसे घेणार नाही. आणि वरचा हिशेब पटला तर तो ‘उकळले’ शब्द तेवढा काढा, एवढी विनंती.