खुलासा : लिंबाच्या रसात उकळलेले चिपाड म्हणजे नॅनोसेल्युलोज नव्हे

उसाचे चिपाड लिंबाच्या रसात उकळून मिक्सरमधून काढले की नॅनोसेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंमधल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) तयार होते, रसायन अजिबात लागत नाही, असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे खरे नाही. त्यातून मिळतो तो ओला लगदा. लिग्निन (तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारा घटक) तसेच राहते आणि लिंबाचे सौम्य आम्ल सेल्युलोजचे नॅनो-स्फटिक सुटे करू शकत नाही.

प्रचलित रीतीत साधारण 64 टक्के तीव्रतेचे सल्फ्युरिक आम्ल वापरतात. नंतर ते धुवायला पाणी भरपूर लागते, सांडपाणी निघते ते वेगळेच. ‘हरित’ पद्धतींचा सगळा खटाटोप हे टाळण्यासाठी आहे. एक वाट विकरांची (एन्झाइमची) : एंडोग्लुकानेज या विकराने तंतू सैल करायचे, मग ते बारीक करणाऱ्या उच्च दाबाच्या यंत्रातून, होमोजिनायझरमधून, काढायचे, वीज बरीच वाचते. दुसरी ऑक्झॅलिक आम्लाची. ते स्फटिकरूपात परत मिळते, पुन्हा वापरता येते. (तेही विषारीच, स्वयंपाकघरात नको.) म्हणजे रसायने कमी होतात, शून्य नाही.

मुंबईत माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेमध्ये 2015 पासून नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे, तिथेही यंत्रसामग्री लागतेच. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.