गोळीबार "झाला" म्हणजे?

परवा रात्री लेकीचा इतिहास घ्यायला बसले. आठवीत आहे, वार्षिक जवळ आलीय, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि माझं डोकं गरम. मी क्लासच्या नोट्स धरून विचारतेय, ती धडाधड म्हणून दाखवतेय. जालियनवाला बाग, "जनरल डायरने निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला." गुड. मग संयुक्त महाराष्ट्रावर आलो, "फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला व १५ जण हुतात्मे झाले." म्हटलं थांब, कोणी केला? "झाला ना अगं." झाला म्हणजे काय, पाऊस आहे का तो? तर म्हणते, आई दोन मार्कांना एवढंच असतं, पुढचं विचार.

पुढचं काय विचारणार, माझी गाडी तिथेच अडकली. गोरा असला की "केला" आणि आपला असला की "झाला". व्याकरणात आम्हाला कर्ता ओळखा म्हणून किती छळलं, आणि इतिहासात कर्ताच गायब!

२१ नोव्हेंबर १९५५. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झालेली, राज्यघटना लागू होऊन पाच. मुंबई राज्यात काँग्रेसचं सरकार, मुख्यमंत्री मोरारजी देसाई, स्वतः स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला माणूस. आणि त्यांच्या पोलिसांनी मोर्च्यावर गोळ्या चालवल्या. जानेवारी ५६ मध्ये परत, तेही कित्येक दिवस. दगडफेक झाली, दंगल झाली, बरोबर आहे, तेही शिकवा ना मुलांना. सी. डी. देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं ते का सोडलं तेही सांगा. हुतात्म्यांचा आकडासुद्धा मी लहानपणी १०५ ऐकला, मग १०६ झाला, आता १०७ म्हणतात. आम्ही फक्त १ मेला झेंडा बघायचा आणि श्रीखंड खायचं.

आमचे आजोबा लालबागचे, गिरणीत साचाखात्यात (म्हणजे मागांवर) बदली कामगार होते. त्यांच्याकडे अजून एक गोष्ट होती, फेब्रुवारी ४६ ची. तेव्हा सोळाएक वर्षांचे असतील. परळला पोयबावडीजवळ एका दुकानाच्या फळीला गोळीचं भोक पडलेलं, त्यात ते बोट घालून बघायचे, आणि दुकानदाराने ती फळी पुढे कित्येक वर्षं बदलली नाही. ही गोष्ट सांगताना तेच बोट वर करून दाखवायचे. मला शाळेत असताना वाटायचं आजोबा फेकतायत, कारण पुस्तकात तर ४२ नंतर डायरेक्ट ४७ येतं, मधे काय ते चारदोन ओळी.

आजोबा फेकत नव्हते. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. कारण काय, तर सडकं जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. बघता बघता ७८ जहाजं आणि वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात उतरले, जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तीन झेंडे एकत्र लागले. २२ तारखेला गिरण्या बंद करून कामगार रस्त्यावर आले आणि लष्कराने त्यांच्यावर गोळ्या घातल्या. दोनेक दिवसांत दोनशेच्या वर माणसं मेली या शहरात! आणि काँग्रेस आणि लीग, दोन्हीकडच्या नेत्यांनी खलाशांना सांगितलं की शस्त्रं खाली ठेवा. असं सांगणाऱ्या सरदार पटेलांचीही बाजू असेल, सैन्यात शिस्त मोडायची सवय लागली तर उद्या आपल्यालाच जड जाईल वगैरे, मी काही त्यांना शिव्या घालायला बसले नाहीये (कमेंटमध्ये भांडायला येणाऱ्यांनी एवढं वाचून यावं). पण ज्यांना काढून टाकलं त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतलं नाही, पाकिस्ताननेही नाही. अशा गोष्टीचा फोटो भिंतीवर कसा लावणार, हार कुणाच्या गळ्यात घालणार?

नागरिकशास्त्राचं तर विचारूच नका. मूलभूत कर्तव्यं आम्ही घोकली, पण ती मूळ घटनेत नव्हती, १९७६ मध्ये ऐन आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने आली, हे मला चाळिशीत कळलं. म्हणजे विरोधी पक्षाचे लोक तुरुंगात आणि तेव्हा आपल्याला कर्तव्यं शिकवली जातायत. ती कर्तव्यं वाईट आहेत असं नाही हां, पण तारीख तरी सांगा. शांततेने जमण्याचा हक्क लेक तोंडपाठ म्हणते, आणि मी रोज सीएसएमटीवरून ऑफिसला जाताना बघते की तो हक्क आझाद मैदानात बॅरिकेडच्या आत बसलेला असतो, ताडपत्री टाकून.

हे सगळं तिला सांगितलं. साडेअकरा वाजले. तिने नीट ऐकलं, मधे दोन प्रश्नही विचारले, आजोबांच्या फळीचं तर तिला फारच आवडलं. मग वही पुढे ओढून म्हणाली, मग आई, पेपरात काय लिहू, "झाला" का "केला"?

सोमवारी पेपर आहे. मी म्हटलं, नोट्समधलंच लिही.