पगाराचं काय, तेही कळवा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका आमदारबाईंनी मतदारांना पाठवलेल्या पत्रावरचा हा लेख वाचला. पाळणाघरं आणि शाळांसाठी किती निधी मंजूर झाला हे त्यांनी आपणहून कळवलं, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. यातला बराच पैसा मतदारांनीच मिळवून दिलाय, हेही सांगायला हवं होतं. 2022 साली मतदारांनी राज्याच्या घटनादुरुस्तीला कौल दिला आणि 10 लाख डॉलरच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर 4 टक्के जादा कर बसला. तो शिक्षण आणि वाहतूक यांसाठीच आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सी-थ्री अनुदान. कोविडकाळात केंद्र सरकारच्या मदतीवर सुरू झालेलं हे अनुदान दरमहा थेट पाळणाघरांना मिळतं, आणि केंद्राचा पैसा आटल्यावरही राज्याने ते बंद पडू दिलं नाही. पण दिवसभर तान्ही मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकांच्या पगाराबद्दल पत्रात अवाक्षर नाही! पगार तुटपुंजा असेल तर त्या टिकणार कशा? आणि त्या गेल्या की खोली रिकामी असूनही मुलं प्रतीक्षायादीतच राहतात. पुढच्या पत्रात बाईंनी दोन आकडे जरूर द्यावेत: अनुदानातलं पगारावर किती गेलं, आणि त्यांच्या मतदारसंघातली किती मुलं अजून रांगेत आहेत.