‘लॉगमध्ये कामाचं काहीच येत नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. ‘लॉग सर्व्हर कचऱ्याने भरतो, आणि बाहेरची लाइन बंद पडली त्या रात्रीची एकही ओळ त्यात नाही’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. रात्रभर फोन बंद राहिल्यावर राग येणारच. पण दोष सिस्टीमचा नाही, आणि हाच घोळ इतरांकडेही होतो, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमचं टेलिफोन एक्सचेंज ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालतं. सिसलॉगला, म्हणजे लॉग सर्व्हरकडे नोंदी धाडणाऱ्या सोयीला, कोणते मेसेज पाठवायचे हे लॉगर-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ ठरवते. ताबा देताना त्या ओळीत आम्ही नोटीस, वॉर्निंग, एरर आणि सिक्युरिटी ही नावं ठेवली होती. काल रिमोटवर पाहिलं तर तिथे एकटं डीबग (तपासासाठीचे बारीकसारीक मेसेज), आणि कन्सोलवरून डीबगची पातळीही चढवलेली. तुमच्या आयटीवाल्यांनी असं का केलं ते समजतं. सिस्कोच्या राउटरवर डीबगिंग पातळी ठेवली की ० ते ७ या सगळ्या पातळ्यांचे मेसेज येतात. ॲस्टरिस्कमध्ये तशी उतरंड नाही. ज्याचं नाव लिहाल तेवढंच जाणार. म्हणून डीबगचा पूर आला आणि नेमकी वॉर्निंग-एरर बंद झाली.

त्या रात्रीच्या ओळी हरवलेल्या नाहीत. मशीनवरच्या ‘फुल’ नावाच्या फाइलमध्ये त्या आहेत: प्रोव्हायडरकडून रजिस्ट्रेशनला (लाइन जोडून घेण्याच्या विनंतीला) उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. ही फाइल आम्ही मुद्दाम चालू ठेवतो. सिसलॉग नेटवर्कवर यूडीपी पद्धतीने, पोर्ट ५१४ वरून जातो, म्हणजे साधं पोस्टकार्ड. पोहोचलं की नाही याची पोच मिळत नाही. आणि नेटच गेलं असेल तर बाहेरचा सर्व्हर काय सांगणार?

ओळ पूर्ववत करून ‘लॉगर रीलोड’ दिलं की झालं. चालू कॉल तुटत नाहीत, एक्सचेंज बंद करावं लागत नाही. तुम्ही हो म्हणालात तर आजच करतो, पैसे नाहीत. कोणी कुठे फोन लावला हे हवं असेल तर ते सीडीआरमध्ये, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदीत, बघा, सिसलॉगमध्ये शोधू नका.

डीटीएमएफ (फोनवर दाबलेली बटणं) हेही लॉगमध्ये टाका, ही मागणी मात्र आम्ही मान्य करणार नाही. फोनवर बँकेचा पिन दाबला तरी ते आकडे फाइलमध्ये उघडे दिसतात. एखाद्या बिघाडाच्या तपासासाठी तासभर लागलं तर लेखी कळवा, आमचा माणूस समोर बसून चालू करेल आणि बंद करूनच उठेल.